धुऱ्यावरची फुलं

भाऊ माझ्याकडे कुत्रा ठेवून गेला तेव्हा त्यानं कुत्र्याचं नाव सांगितलं नाही, कारण नावच नव्हतं. "हाक कशी मारू?" मी विचारलं, तर त्यानं जीभ टाळूला लावून टॉक असा एक आवाज काढला. कुत्रा लगेच त्याच्या पायाशी. मी तसाच आवाज काढून पाहिला, तर कुत्र्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. पहिल्या दिवसापासून आमचं हे असं.

पाडवा होऊन दोनच दिवस झाले होते. भावाची शेती दर्यापूरच्या बाजूला, काळी, पऱ्हाटीची म्हणजे कपाशीची आणि तुरीची. त्या वर्षांत आमच्या भागात रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्या, पेपर उघडायला धीर लागायचा. मी शाळेत मास्तरीण, सकाळी पेपर आला की पहिलं पान टाळून आधी शेवटचं पान वाचायची. भावाचं तसं काही नव्हतं. तो कुणाचं काही देणं लागत नव्हता, फक्त थकला होता. सलग दोन वर्षं तूर उभ्या उभ्या वाळली, तेव्हा पाडव्याला त्यानं वावर मक्त्यानं कसायला दिलं, वहिनीला मुलाकडे नाशिकला पाठवलं आणि स्वतः अकोल्याच्या कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात राखणदार म्हणून लागला. तिथं एका खोलीत चौघं जण. कुत्र्याला जागा नव्हती.

"चार-सहा महिने ठेव, बाई," तो म्हणाला. "ढंगाची जागा भेटली का नेतो त्याले."

"जसा देऊन राह्यला तसाच वापस देईन," मी म्हणाले. "एक केस कमी भरला तर सांग."

बोलण्यात मी कधी कमी पडत नाही. पण त्याच्या डोळ्यांकडे पाहिल्यावर हा शब्द साधा नाही हे मला कळलं होतं. बैलजोडी त्यानं विकली तेव्हा तो दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता. आता त्याच्याकडे शेतातलं म्हणावं असं हे एक कुत्रंच उरलं होतं.

आमचं घर अमरावतीच्या कडेला, एका नव्या ले-आऊटमध्ये. घराच्या चारही बाजूंनी मोकळी जागा, भोवती कमरेएवढी भिंत, समोर रस्त्यावर जाळीचं फाटक. मागे रिकामा प्लॉट, त्यात वेडी बाभूळ. डाव्या हाताला चाचींचं घर. चाची मूळच्या अचलपूरच्या, चाचांचं गाद्यांचं दुकान. घरात दोन सुना, एक बकरी आणि किती ते कधीच न कळलेल्या मांजरी.

उन्हाळाभर कुत्र्यानं काही त्रास दिला नाही, कारण त्या उन्हात त्रास द्यायची ताकद कुणात नसते. पाण्याच्या टाक्याच्या सावलीत ओल्या मातीत खड्डा करून तो पडून राहायचा. संध्याकाळी उठायचा आणि भुंकायचा. सायकलवाला गेला, भुंक. शाळेची पोरं गेली, भुंक. चाची कपडे वाळत घालायला आल्या की भिंतीवर पुढचे दोन पाय टेकवून, उभा राहून, त्यांच्या तोंडासमोर भुंक.

"बाप्पा! मॅडमबाई," चाची म्हणायच्या, "हा मले पाहूनच काहून भुकते? मी काय चोर हाव? माह्या सुना आंगणात निघाले भेतात. कुछ पडदा-वडदा करा न."

मी हो हो म्हणायची. आमच्या ह्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. हे मूळचे शहरातले, बँकेतले, शांत. "हे बघ," ते म्हणाले, "शेजाऱ्यांशी वाकडं घेऊन मला इथं राहायचं नाही. दिवाळीपर्यंत बघू. नाही रुळला तर तुझ्या भावाला कळव, काय ती सोय त्यानं करावी." सोय काय असणार, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. गावात घराला कुलूप. कुत्रं तिथं सोडायचं म्हणजे सोडूनच द्यायचं.

जुलैत मी बाग करायला घेतली. बाग झाली की कुत्र्याचं मन रमेल, असं मला का वाटलं कोण जाणे. खरं तर बाग मलाच हवी होती, कुत्र्याचं निमित्त. एका मासिकात चित्र पाहिलं होतं: मध्ये हिरवळ, आणि भिंतीच्या कडेनं चारही बाजूंनी फुलांचे वाफे. दोन रविवार खपून मी तसेच वाफे केले. भिंतीला लागून हातभर रुंद माती भुसभुशीत केली, शेणखत घातलं, पुढं झेंडू, मागं शेवंती, कोपऱ्यांत गुलाब. फाटकाशी दोन कन्हेरी लावल्या, गुलाबी. मध्ये दूर्वांसारखं गवत लावलं आणि मनात म्हटलं, लोळ बाबा हवा तेवढा.

तो लोळला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर झेंडूची सगळी रोपं आडवी. शेवंतीच्या रांगेतून पायवाट पडलेली. मधल्या गवताला त्याचा पायसुद्धा लागला नव्हता. मी पुन्हा रोपं लावली, काटक्या खोचल्या. दुसऱ्या दिवशी काटक्यांसकट आडवी. मी त्याला फाटकाशी उभं करून शाळेतल्या मुलींना रागावते तसं रागावले. तो शांतपणे ऐकत होता, आणि ऐकता ऐकता एक पाय गुलाबाच्या आळ्यात.

काळ्या मातीचं तुम्हाला माहीतच असेल. ओली झाली की पायाला चपलेच्या चपला चिकटतात. तो त्या वाफ्यातून फिरायचा आणि मग ओट्यावर यायचा. पुसून पुसून माझे हात दुखले. शेवटी माझा संताप अनावर झाला आणि मी त्याला निंबाच्या झाडाला बांधून टाकलं. दोरी चांगली लांब ठेवली होती, सावली होती, पाणी होतं. मला वाटलं, दोन दिवसांत येईल ताळ्यावर.

त्यानं दुसऱ्या दिवशीपासून खाणं सोडलं.

भाकरी तशीच, दूध तसंच. भुंकणंही बंद. चाचींनी भिंतीवरून डोकावून पाहिलं आणि त्यांचा सूर बदलला. "ए मा, याले काय झालं? भुकत बी नाई." त्यांनी मटणाच्या रस्स्यात भाकरी कुस्करून पाठवली. त्यानं वास घेतला आणि मान पायांवर ठेवली. गुरांच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, आजार काही नाही. चार दिवस झाले, पाच झाले. बरगड्या दिसायला लागल्या. मला माझे ते शब्द आठवायचे, एक केस कमी भरला तर सांग. लाज वाटायची. शाळेत वर्गावर शिकवताना मधेच थांबून जायची. शेवटी मी शेजारच्या दुकानातून जिनिंगच्या ऑफिसात फोन लावला आणि निरोप ठेवला, येऊन जा म्हणून. काय झालं ते सांगायची हिंमत झाली नाही.

भाऊ शनिवारी दुपारच्या बसनं आला. येताच तो कुत्र्यापाशी गेला. जवळ बसला, पाठीवरून हात फिरवला, मग दोरी सोडली. कुत्रा उठला, थोडा डगमगला आणि सरळ भिंतीकडे गेला. मी पुन्हा लावलेल्या शेवंतीतून, गुलाबाच्या आळ्यातून, भिंतीला अंग घासत निघाला. चाचींची बाजू, मागची बाजू, उजवीकडून फाटकापर्यंत. एक फेरी पुरी केली आणि भावाच्या समोर येऊन उभा राहिला, हजेरी दिल्यासारखा.

"पाह्य," मी म्हणाले, "असंच करते. हिरवीगार जागा सोडून फुलंच तुडवते. येडं झालं ते."

भाऊ हसायला लागला. कित्येक महिन्यांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला आधी राग आला आणि मग बरं वाटलं.

"बाई, तू कोनाची पोरगी हायेस? धुऱ्यावर कोनी पेरते काय?"

धुरा म्हणजे आपल्या वावराची हद्द, दोन शेतांमधला तो गवताचा पट्टा. धुऱ्यावर नांगर घालायचा नाही, हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोराला माहीत असतं. त्या पट्ट्यावरून डोकी फुटलेली मी लहानपणी पाहिली आहेत. आणि मी, त्याच घरातली, एका मासिकातलं चित्र पाहून चारही धुऱ्यांवर झेंडू लावून बसले होते.

"तो फुलं तुडवून नाई राह्यला," भाऊ म्हणाला. "धुरा चालून राह्यला. रोज संध्याकाळी मी वावराच्या चारी धुऱ्यांनं एक चक्कर मारत होतो, तो माह्या मागं. लहान होता तवापासून. हे त्याचं काम हाये. अन् तू त्याले कामावरून काढून झाडाले बांधलं. तू जेवली असती काय?"

कुत्र्यानं ज्या भाकरीला इतके दिवस तोंड लावलं नव्हतं, ती त्या संध्याकाळी भावाच्या हातून खाल्ली. मी आत जाऊन डोळे पुसले आणि बाहेर आल्यावर भावालाच रागावले, की हे सगळं पाडव्याला सांगायला काय झालं होतं? तो म्हणाला, "तुले माहीत असंन असं वाटलं."

तो तीन दिवस राहिला आणि माझी बाग त्यानं उलटी केली. भिंतीच्या कडेचे सगळे वाफे उचलून मध्ये आणले. मधल्या गवताची हिरवळ गेली, तिथं गोल वाफ्यात झेंडू, शेवंती, गुलाब. भिंतीला लागून दीड हात रुंदीची वाट मोकळी सोडली आणि तिच्यावर मुरूम टाकून धुम्मसानं ठोकून काढला, म्हणजे चिखल पायाला येणार नाही. निंबाखाली दोन घमेली वाळू ओतली. "त्याले उकरू दे इथं. उन्हाळ्यात थंडं लागते." फुटक्या माठाचा खालचा भाग जमिनीत काठापर्यंत पुरून त्याचं पाणी प्यायचं कुंडं केलं.

कन्हेरी चाचींनी काढायला लावल्या. त्या भिंतीपलीकडून सगळं पाहतच होत्या. "ये झाड जहर हाये, मॅडमबाई. अचलपूरले माह्या अब्बाची बकरी पानं खाऊन मेली. पिल्लू-बिल्लू चावलं तर?" पिल्लू म्हणजे आमचा कुत्रा. त्यांचं मन असं फिरलेलं पाहून मी तेवढ्यात पडद्याचा विषय काढला.

भावानं तुराट्या आणल्या, म्हणजे तूर काढल्यावर उरतात त्या वाळक्या काड्या. त्यांच्या पेंढ्या बांबूला सुतळीनं बांधून त्यानं ताट्या केल्या आणि चाचींच्या बाजूच्या भिंतीवर व फाटकाच्या जाळीला उभ्या केल्या. "शेतात त्याले अर्ध्या कोसावरचा मानूस दिसे," तो म्हणाला. "हळूहळू जवळ ये. इथं एकदम दहा पावलांवर उभा. भुकंल नाई तर काय करंल?" पण फाटकाच्या ताटीत, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्यानं वीतभर फट मुद्दाम ठेवली. मी ती बुजवायला निघाले तर हात धरला. "राहू दे. राखनदाराले काईच नाई दिसलं तर तो पागल होते. मले इचार."

हे तो कुत्र्याबद्दल बोलला की स्वतःबद्दल, मी विचारलं नाही.

चाचींनी ताटीला सोडायला वालाच्या बिया दिल्या, मी गोकर्ण लावली. दसऱ्यापर्यंत ताटी दिसेनाशी झाली. चाचींच्या सुना आता अंगणात डोकं उघडं ठेवून बसायच्या, केस वाळवायच्या, मोठ्यानं हसायच्या. त्यांच्या बाजूला लागलेल्या शेंगा त्या तोडायच्या, आमच्या बाजूच्या मी. कुत्र्याचं भुंकणं थांबलं असं नाही म्हणणार, पण कामापुरतं उरलं. मांजरी ताटीवर चढून खाली पाहायच्या आणि तो त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचा.

जाताना भावानं एक काम मला लावून दिलं होतं. संध्याकाळी एक चक्कर, चारी बाजूंनी, त्याला मागे घेऊन. "मालक चालला का त्याले समजते आपली हद्द कोन्ती. दोन मिन्टांचं काम हाये." पहिले काही दिवस मी वैतागून चालले. साडीचा काठ मुरमाला घासतोय, मागे कुत्रा, ओट्यावर बसून हे म्हणताहेत, "राणीसाहेब मुलूख बघायला निघाल्या." दोन मिनिटांची चक्कर हळूहळू पंधरा मिनिटांची झाली. शाळेतली दिवसभराची कटकट मी चालता चालता त्याला सांगायची. तो ऐकायचा. घरात इतकं नीट ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. दिवाळी झाली, हे काही बोलले नाहीत. एकदा मला ताप आला तर मीच खिडकीतून पाहिलं, हे लुंगी सावरत धुऱ्यावरून चालले होते, कुत्रा मागे. मी काही पाहिलंच नाही असं दाखवलं.

आणि एक गोष्ट कबूल करायला हवी. शेजारच्या दुकानात भावाचा फोन आला की मी पाय ओढतच जायची. जागा मिळाली म्हणतो की काय! सख्खा भाऊ चौघांच्या खोलीत दाटीनं राहतोय आणि मी देवाला मनातल्या मनात म्हणत होते, अजून थोडे दिवस, अजून थोडे दिवस. कुत्रा मी कधीच मागितला नव्हता. आता तो परत द्यायचा, या विचारानं मला झोप लागायची नाही.

माघात तो फोन आलाच. अकोल्याच्या बाहेर कुणा व्यापाऱ्याची रोपवाटिका होती, संत्र्याच्या कलमांची. भावाला तिथं राखणीचं काम मिळालं, राहायला स्वतंत्र खोली, भोवती चार एकर मोकळी जागा. "मालक सोताच म्हनाला, एखादं चांगलं कुत्रं असंन तर आना." भावाचा आवाज इतका आनंदी होता की मीही आनंदानं ओरडले. नंतर घरी येऊन स्वयंपाकघरात बसून राहिले.

रविवारी तो आला, मोर्शीला कलमं पोचवून अकोल्याला परत चाललेल्या टेम्पोतून. टेम्पो रस्त्यावर उभा ठेवला. हातात नवा पट्टा आणि दोरी. कुत्र्यानं फटीतूनच त्याला ओळखलं होतं. फाटक उघडताच त्यानं जे काही केलं, उड्या, लोळणं, ते रडण्यासारखं कूं कूं, ते पाहून चाचींच्या सुनासुद्धा भिंतीशी आल्या. भाऊ म्हणाला, "चाल गड्या, एक चक्कर मारू अन् जाऊ." दोघं धुऱ्यानं फिरले. माठाचं कुंडं, निंबाखालची वाळू, फुलांचा गोल वाफा भावानं डोळे भरून पाहिला. "चांगलं ठेवलं, बाई. माह्याजवळ होता त्याच्याहून चांगला दिसते."

मी कुत्र्याची भाकरीची थाळी धुऊन पिशवीत घातली होती. ती त्याच्या हातात दिली. तो फाटकाबाहेर गेला, वळला आणि टॉक केलं.

कुत्रा फाटकापर्यंत धावत आला आणि थांबला. फाटकाच्या लोखंडी पट्टीच्या आत, अगदी एका बोटाच्या अंतरावर. भावानं पुन्हा आवाज काढला. कुत्र्याची शेपटी हलत होती, सगळं अंग थरथरत होतं, पण पाय पट्टीच्या बाहेर पडेना. भाऊ आत आला, त्यानं पट्टा बांधला, दोरी लावली आणि हळूच ओढली. कुत्रा खाली बसला. भांडला नाही, गुरगुरला नाही. फक्त बसला आणि भावाच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"उचलून टेम्पोत टाका," हे म्हणाले. "दोन दिवसांत विसरेल."

"हो भाऊ, ने," मीही म्हणाले. मी मनापासून म्हणाले, हे मला इथं सांगायचं आहे. तो क्षण आला तेव्हा माझ्यातला सगळा लोभ निघून गेला होता. "मी तुले शब्द देला होता. ने त्याले. उचल."

भाऊ उकिडवा बसला. बराच वेळ त्यानं कुत्र्याच्या मानेत हात घालून ठेवला. मग पट्टा सोडला.

"दुपारी मी जेवाले गावात जायचो," तो म्हणाला, "तवा याले वावरातच ठेवायचो. मागं लागला तर धुऱ्यावरून वापस हाकलायचो. एकदोन वेळा मारलं बी. थांब, येतो, असं म्हनायचो. मंग शिकला. धुऱ्याच्या बाहेर पाय टाकेना, मी येईपर्यंत तिथंच बसून राहे." त्यानं दोरी गोळा केली. "आता मी काय याले ओढत नेऊ? मारून शिकवलं तेच शिकला म्हनून आता उलटं मारू?"

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. भाऊ उठला, पिशवी माझ्या हातात परत दिली. कुत्र्याकडे न पाहता म्हणाला, "थांब. येतो."

कुत्र्यानं शेपटी हलवली. त्याला कळलं होतं, मालक जेवायला चाललाय.

टेम्पो गेल्यावर तो फटीशी जाऊन बसला. संध्याकाळी मी चक्कर मारायला निघाले तर उठला नाही, मी एकटीच फिरून आले. दुसऱ्या दिवशी भाकरी खाल्ली, पण तिथंच, फटीशी. मंगळवार, बुधवार तसेच. मी त्याच्याजवळ मुरमावर बसायची, त्याच्याबरोबर फटीतून रस्ता पाहायची. माझ्याकडेच राहावा असं मी इतके दिवस देवाला म्हणत होते, आणि देवानं ऐकलं ते हे असं.

माझा भाऊ भाऊबीजेलासुद्धा आठवण करून दिल्याशिवाय न येणारा माणूस. त्या रविवारी दुपारी फाटक वाजलं. फोन नाही, निरोप नाही, हातात पिशवी नाही. कुत्रा त्याच्या अंगावर झेपावला होता आणि तो दोन्ही हातांनी त्याला सांभाळत होता.

"काहून रे, काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"काई नाई," तो म्हणाला. "त्याले येतो म्हनलं होतं न."